सांगलीतून प्रासंगिक विनोदी लेख पाठवायचे तर कसे आणि कुठे?

गावभागकर:
नमस्कार मंडळी. मी सांगलीत गावभागात राहते आणि मार्केट यार्डात एका हळदीच्या अडतीत हिशेब लिहिते. दुपारी सौदे उरकले की थोडा निवांत वेळ मिळतो. त्या वेळात गावात जे चाललंय त्यावर छोटे विनोदी लेख लिहायची सवय लागली आहे. घरची मंडळी आणि यार्डातले लोक हसतात, पण ते माझेच लोक आहेत. मला ते छापून यायला हवे आहेत.

वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांना लेख पाठवते. होकार येत नाही, नकारही येत नाही. वाट बघेपर्यंत विषय जुना होतो आणि मग तो लेख कुणालाच देता येत नाही. सध्या हातात आहे तो लेख पावसाळ्यावरचा. जुलै लागला की आमच्या गल्लीत शेंबडं पोरसुद्धा फुटांत, क्युसेकमध्ये आणि टीएमसीमध्ये बोलायला लागतं, दूधवाला दुधाआधी कृष्णेवरच्या आयर्विन पुलाखालची पातळी सांगतो, असं सगळं. साडेसहाशेच्या आसपास शब्द झालेत.

एकच लेख दोन ठिकाणी पाठवला तर चालतं का? नगरसेवक, अधिकारी यांची नावं घालावीत का? आधी फेसबुकवर टाकला तर संपादक घेतात का? आणि मुख्य म्हणजे, लेख वाचला गेलाय की नाही हे कळायचा काही मार्ग आहे का? ज्यांनी हे काम जवळून पाहिलंय त्यांनी कृपया सांगावं.

जुनी पुरवणी:
ताई, जरा सविस्तर लिहितो. हा प्रकार माझ्या फार जिव्हाळ्याचा आहे आणि तो मन लावून लिहिणारी माणसं आपल्या भागाला हवी आहेत. मी सांगलीत एका दैनिकाच्या पुरवणी डेस्कवर होतो. वाचकांकडून आलेला विनोदी मजकूर निवडणं, कापणं आणि पानात बसवणं हे काम निवृत्त होईपर्यंत माझ्याकडे होतं. म्हणून टेबलाच्या त्या बाजूचं सांगतो.

उत्तर आलं नाही म्हणजे लेख वाईट होता असं मुळीच धरू नका. बहुतेक वेळा तो उशिरा आलेला असतो, नाहीतर लांब असतो. रविवारच्या पुरवणीची पानं शनिवारी लागत नाहीत. आमच्याकडे ती गुरुवारी संध्याकाळी सुटायची, म्हणजे मंगळवारीच कुठे काय बसणार हे जवळपास ठरलेलं असायचं. शुक्रवारी रात्री आलेला लेख सोमवारी उघडला जायचा आणि तोवर गावाने तो विषय चघळून टाकलेला असायचा. रोजच्या अंकातल्या सदराचा हिशेब निराळा. तिथे सकाळच्या बातमीवरचा मजकूर दुपारीच हातात लागतो. तुम्ही ज्या पानाला लेख पाठवता ते पान कोणत्या वारी लागतं, एवढं कार्यालयात फोन करून विचारा. हा प्रश्न विचारणाऱ्या लेखकाबद्दल डेस्कवर लगेच चांगलं मत होतं.

लांबीचं म्हणाल तर साडेसहाशे शब्द या प्रकाराला फार झाले. तीनशे, फार तर साडेतीनशे. त्यामागे कारण आहे. जागा कमी पडली की उपसंपादक मजकूर खालून कापतो. बातमी महत्त्वाचं आधी सांगून लिहिलेली असते, त्यामुळे तिचं काही बिघडत नाही. विनोदी लेखाचा जीव मात्र शेवटच्या दोन ओळींत असतो. म्हणजे लांब लेख पाठवलात तर नेमकं तेच जाणार ज्यासाठी बाकीचं लिहिलं होतं. मी स्वतः असे लेख खालून कापायचो नाही, पोटातून कापायचो. पण रात्री साडेनऊला पान अडलेलं असताना प्रत्येकाकडून ही अपेक्षा करता येत नाही. आधीच बेताचा लेख पाठवा आणि वर शब्दसंख्या लिहा.

आता विषय शिळा होण्याबद्दल. प्रासंगिक म्हणजे कालची बातमीच असं नाही. आपल्याकडे दरवर्षी ठरल्या वेळी येणारे प्रसंग भरपूर आहेत. जून-जुलैत कृष्णेचं पाणी. भाद्रपदात सगळ्यांच्या आधी गुपचूप येणारा संस्थानचा चोर गणपती. नोव्हेंबरात उसाच्या दराची बोलणी, त्याच महिन्यात पाच तारखेचा रंगभूमी दिन आणि नाट्यक्षेत्रातल्या विष्णुदास भावे पदकाची चर्चा. मार्चमध्ये अंदाजपत्रक. यांवरचे लेख महिनाभर आधी लिहून ठेवता येतात. मधे एक जागा मोकळी सोडायची, त्या वर्षीचा ताजा तपशील आला की तिथे भरायचा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पाठवायचा. बातमी फुटल्यावर लिहायला बसणाऱ्यापेक्षा तुम्ही दोन दिवस पुढे असता. माझ्याकडे नेमाने छापून येणारे लेखक बहुतेक याच पद्धतीने काम करत.

तुमच्या पाण्याच्या लेखाबद्दल खास सांगायचं आहे. विषय उत्तम आहे, कारण तो फक्त इथलाच आहे. पुण्यातला माणूस पाऊस मिलिमीटरमध्ये ऐकतो. आपण तो पुलाखालच्या फुटांत मोजतो. पण हाच विषय असल्यामुळे तपशील अचूक हवा. टीएमसी म्हणजे साठा, अब्ज घनफुटांत; क्युसेक म्हणजे वाहण्याचा वेग, सेकंदाला किती घनफूट तो. ११,५७४ क्युसेक पाणी अखंड चोवीस तास सुटलं की एक टीएमसी होतं. कोयना धरणाची क्षमताच १०५ टीएमसीच्या घरात आहे. तेव्हा तुमचं एखादं पात्र 'कोयनेतून पन्नास हजार टीएमसी सोडलं' असं म्हणत असेल, तर चूक पात्राची आहे हे वाचकाला त्याच ओळीत कळलं पाहिजे. नाहीतर चूक तुमची ठरते आणि सांगलीचा वाचक तिथेच अंक खाली ठेवतो. विनोदी लेखातली खरी माहिती बातमीतल्या माहितीपेक्षा जास्त तपासून घ्यावी असं माझं मत आहे. अतिशयोक्ती कुठे सुरू होते हे कळण्यासाठी तिच्याखालची जमीन पक्की लागते.

आणि याच विषयाची दुसरी बाजू. आयर्विनखाली ४० फूट ही इशारा पातळी आणि ४५ फूट ही धोका पातळी. माझा डेस्कवरचा नियम असा होता की चाळीसपर्यंत पाण्यावरचा विनोद घ्यायचा, चाळीस ओलांडलं की तयार पानातूनही काढायचा. आपण गावभागात पातळीवर गप्पा मारत असतो तेव्हा सूर्यवंशी प्लॉट, दत्तनगर, कर्नाळ रोड इथली माणसं गॅसची शेगडी डोक्यावर घेऊन बाहेर पडत असतात. २०१९च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांवर गेलं आणि ब्रह्मनाळला बोट उलटून माणसं गेली. लेख सोमवारी लिहिलेला, पाणी बुधवारी चढलेलं आणि अंक गुरुवारी दारात, असं होऊ शकतं. म्हणून लेखकानेच मेलमध्ये लिहावं, 'पातळी चाळीसच्या वर गेल्यास हा लेख कृपया थांबवावा.' असं लिहिणारा लेखक मला कधी भेटला असता तर मी त्याचा पुढचा प्रत्येक लेख आधी उघडला असता. अंक वाचणाऱ्यांत घर सोडून शाळेत मुक्कामाला आलेलं कुटुंबही असतं, हे धरूनच लिहायचं.

नावांबद्दल. व्यक्तीवर लिहायचं टाळा, गोष्टीवर लिहा. निर्णय, पद्धत, बैठक, सूचनाफलक, उद्घाटनाची फीत, आपल्या स्वतःच्या सवयी. कायद्याचं म्हणाल तर बदनामीचं पूर्वीचं भारतीय दंड संहितेतलं ४९९-५०० हे प्रकरण १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्ये आलं आहे. 'विनोदाने लिहिलं होतं' एवढं म्हणून त्यातून सुटका होत नाही. शेवटच्या पानाच्या तळाला संपादक, मुद्रक, प्रकाशक यांची ओळ असते ती वाचा. नोटीस आली तर तुमच्या बरोबरीने त्यांनाही येते, म्हणून नाव दिसलं की संपादकाचा हात आखडतो. आपल्या गावात नाव न घालता नुसतं पद लिहिलं तरी माणूस ओळखू येतो, हेही लक्षात असू द्या. आडनाव, जात, शरीर, बोलण्याची लकब यांवर तर नकोच. माझ्या टेबलावरून तसलं काही पुढे गेलं नाही.

पाठवायची रीत सोपी आहे. मजकूर युनिकोडमध्ये, मेलच्या अंगातच चिकटवलेला. पीडीएफ नको, वहीच्या पानाचा फोटो नको. श्रीलिपीच्या जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप केलेलं दुसऱ्याच्या संगणकावर चिन्हांचं जंजाळ होऊन उघडतं. विषयाच्या ओळीत 'विनोदी स्फुट, ३२० शब्द, कृष्णेची पातळी, रविवारच्या अंकासाठी' असं लिहा. खाली लेख अप्रकाशित असल्याचं एक वाक्य, पूर्ण नाव, फोन. टोपणनाव हवं असेल तर ते वेगळं सांगा, पण खरं नाव संपादकाला ठाऊक असलंच पाहिजे.

दोन ठिकाणी एकाच वेळी पाठवू नका. त्याऐवजी मेलमध्ये मुदत घाला, 'शनिवार दुपारपर्यंत निरोप न आल्यास अन्यत्र पाठवेन.' यात उद्धटपणा काही नाही. प्रासंगिक लेखाला मुदत असतेच आणि डेस्कला ती कळलेली बरी वाटते. फेसबुकवर टाकलेला लेख आम्ही प्रकाशित धरायचो. व्हॉट्सअपचं तर विचारूच नका. तिथे पहिल्या तासात लेखकाचं नाव गळतं आणि संध्याकाळी तोच मजकूर संपादकाला त्याच्या मेहुण्याकडून येतो. त्यानंतर तो तुमचा आहे हे पटवणार कसं?

मिरज जंक्शन:
जुनी पुरवणी यांच्या बहुतेक गोष्टी पटल्या, एक नाही पटली. दोन ठिकाणी पाठवू नका हे मोठ्या दैनिकांच्या सोयीचं आहे. मी मिरजेतून साप्ताहिकांना लिहितो. जिल्ह्याच्या साप्ताहिकाचा आणि दैनिकाचा वाचक वेगळा, आणि मानधन म्हणाल तर एकीकडे अगदी थोडं, दुसरीकडे अंक घरपोच, बस. अशा वेळी लेखकानेच सगळा संयम का दाखवायचा? मी दोन्हीकडे पाठवतो आणि तसं दोन्हीकडे कळवतो. आजवर कुणी रागावलं नाही.

दुसरं, बोलीबद्दल कुणी काही लिहिलं नाही. माझ्या लेखात माणसं 'काय करालाय', 'कुठं चाललाईस' असंच बोलतात. छापताना ते 'काय करतोयस' होतं आणि सगळा रंग उडतो. यावर काय करायचं?

जुनी पुरवणी:
मिरज जंक्शन, दोन्हीकडे कळवून पाठवत असाल तर माझं काही म्हणणं नाही. त्रास होतो तो न कळवता पाठवणाऱ्यांचा. एकाच रविवारी दोन अंकांत एकच लेख आला की पुढे त्या लेखकाचं पाकीट कुणी उघडत नाही. मानधनाचं तुमचं दुखणं खरं आहे. लेखकाने ते आधी विचारावं, संकोच करू नये. आणि एक हक्क सगळ्यांनी ध्यानात ठेवावा. तुम्ही त्या दैनिकाचे नोकर नसाल तर १९५७च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे लेखाचा पहिला मालक लेखकच असतो, आणि हक्क दुसऱ्याला द्यायचा तर तो लेखी आणि सहीनिशीच देता येतो. अंकात एकदा छापून आला म्हणजे लेख त्यांचा झाला असं होत नाही. पुढे तोच लेख वाढवून दिवाळी अंकाला देता येतो किंवा संग्रहात घालता येतो. पाठवताना कसली सही घेतायत का, घेत असतील तर कागदावर काय लिहिलंय, ते मात्र वाचा.

बोलीसाठी मेलमध्ये एक ओळ घाला, 'संवादातली बोली मुद्दाम ठेवली आहे, बदलू नये.' डेस्कवर नवीन मुलं असतात, त्यांना ती टायपिंगची चूक वाटते. निवेदन प्रमाण भाषेत आणि संवाद बोलीत असं केलंत तर हेतू आपोआप दिसतो. मात्र हसू पात्र काय बोलतं त्यावर यावं. तो 'करालाय' म्हणतो म्हणून हसू येणार असेल तर ते वाक्य मी काढीन. ती माझ्या आईची भाषा आहे.

अजिंक्यतारा पायथा:
साताऱ्याहून थोडी भर. आधी लिहून ठेवण्याचा सल्ला सोन्यासारखा आहे. जानेवारी २०२६ मध्ये ९९वं साहित्य संमेलन इथे शाहू स्टेडियमवर झालं. तारखा कित्येक महिने आधी ठाऊक होत्या. मी नोव्हेंबरातच गावातल्या तयारीवर, पाहुण्यांसाठी कंदी पेढ्यांच्या ऑर्डरींवर, घराघरांत अचानक निघालेल्या कवींवर लिहून ठेवलं होतं. संमेलनाच्या आठवड्यात स्थानिक अंकाला लहान मजकूर हवा होता, तेव्हा लगेच देता आला. त्या दिवसांत लिहायला बसले असते तर मंडपातून पाय निघाला नसता.

आणखी एक वाट सुचवते. सांगलीला आकाशवाणीचं केंद्र आहे, तिथे पत्र किंवा मेल करून विचारून बघा. रेडिओसाठी लिहिताना मिनिटाला साधारण शंभर-सव्वाशे शब्द धरायचे. छापायचा असला तरीही लेख मोठ्याने वाचून बघाच. जिथे श्वास अडकतो तिथे वाक्य मोडायचं असतं.

गावभागकर:
सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री बसून लेख तीनशेवर आणला. सुरुवात आणि शेवट इथे देते, जुनी पुरवणी काकांनी बघावा ही विनंती.

सुरुवात अशी: 'सांगली हे कृष्णाकाठी वसलेले एक ऐतिहासिक शहर आहे. पावसाळा आला की इथे घड्याळाची गरज उरत नाही. दूधवाला पहाटे सांगतो, आयर्विनखाली एकोणतीस. पेपरवाला येतो तेव्हा तीस झालेलं असतं. एकतीस झाले की आजोबा आंघोळीला उठतात.'

आणि शेवट: 'बंड्या शाळेतून गणिताचा पेपर घेऊन आला. आईने विचारलं, किती पडले? बंड्या म्हणाला, नवजाला दोनशे, महाबळेश्वरला एकशे ऐंशी. इतकी आमची मुलं पाण्यात बुडाली आहेत.'

जुनी पुरवणी:
ताई, वाचून फार आनंद झाला. आजोबांची आंघोळ आणि बंड्याचे मार्क हे इथं राहणाऱ्यालाच सुचणारं आहे. कोयनेच्या पाणलोटातल्या नवजाचा आणि महाबळेश्वरचा पावसाचा आकडा रोज ऐकणारं घर ते वाक्य वाचून दुसऱ्याला वाचून दाखवणार.

दोन गोष्टी काढा. 'ऐतिहासिक शहर' हे पहिलं वाक्य सांगलीकराला सांगायची गरज नाही. 'पावसाळा आला की'पासूनच सुरू करा, जमलं तर थेट दूधवाल्यापासून. आणि शेवटचं वाक्य पूर्ण काढा. महाबळेश्वरच्या एकशे ऐंशीवर लेख संपलाय. पुढचं वाक्य बंड्या काय म्हणाला ते पुन्हा समजावतं, आणि त्यात 'बुडाली' हा शब्द आहे. तो शब्द आपल्या गावात जुलैत वापरू नये.

आजची पातळी तपासून एकोणतीसच्या जागी खरा आकडा घाला, तीस-एकतीस त्याप्रमाणे पुढे सरकवा. चाळीसची ओळ मेलमध्ये टाका. उद्या मंगळवार आहे, अकराच्या आत पाठवा आणि दुपारी डेस्कला एक फोन करा. 'लेख पाठवलाय, युनिकोड नीट उघडतंय ना?' एवढंच विचारा. तो उघडून बघितल्याशिवाय उत्तर देता येत नाही.